पाण्यात उतरवणाऱ्याचं नाव कागदावर आणा

परवा सकाळी एका ठेकेदाराचा फोन आला. जुनी ओळख आहे, नोकरीत असल्यापासूनची. म्हणाला, "काका, तुमच्या पाहण्यात बुडी मारणारा एखादा पोट्टा आहे काय? गेटखाली काहीतरी अडकलंय. अर्ध्या घंट्याचं काम हाय. पाच हजार देतो, जेवण आपल्याकडून."

मी विचारलं, खालचं गेट बंद राहीन काय? "ते पाहून घेऊ." सोबत दुसरा कोण उतरणार? "सोबत कायले? दोर बांधू ना कमरेले." आणि विमा? यावर तो हसला. खरंच हसला हो. म्हणाला, "काका, तुमी रिटायर झाल्यापासून लय कायदे बोलाले लागले."

मी नाही म्हटलं. संध्याकाळी त्याचाच मेसेज, काम झालं, माणूस भेटला, सोबत अंगठ्याचं चित्र. म्हणजे कोणाचं तरी पोरगं पाच हजारासाठी तीस-पस्तीस फूट खाली गेलं आणि वर आलं. आलं म्हणून हा विषय पेपरात नाही. नसतं आलं तर तुम्ही वाचलं असतं, 'पोहण्यासाठी गेलेल्या युवकाचा बुडून मृत्यू'. एवढंच, तीन ओळी.

ही बातमी कशी तयार होते ते मला माहीत आहे. ती तयार करण्यात एकदा माझा हात होता. त्यावर खाली येतोच.

माझ्या पोस्ट नेहमी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे की मी नळाला किती दिवसांनी पाणी आलं, मोर्णेत जलकुंभी किती वाढली, असल्याच विषयांवर लिहितो. आजची पोस्ट लांबेल. पण ज्यांच्या घरी महानचं पाणी येतं, ज्यांच्या वावरात कालव्याचं पाणी जातं, त्या सगळ्यांनी वाचा. ते पाणी सुरू राहावं म्हणून वर्षातून कधी ना कधी कोणीतरी माणूस पाण्याखाली जातो आणि त्याच्या जिवाची जबाबदारी कोणाचीच नसते.

आपल्या दोन जिल्ह्यांत पाण्याखाली काम किती आहे याचा अंदाज बाहेरच्या माणसाला येत नाही. त्याला वाटतं पाणबुडे म्हणजे मुंबई-गोवा, समुद्र, जहाज. अरे, महानला काटेपूर्णा आहे, वारीला वान आहे, सिंभोऱ्याला अप्पर वर्धा आहे. मधले आणि लहान प्रकल्प वेगळेच. पूर्णेवर बॅरेज आहेत, नदी-नाल्यावर कोल्हापुरी बंधारे आहेत, पाणीपुरवठ्याच्या जॅकवेल आहेत. या प्रत्येक ठिकाणी पाण्याखाली लोखंड आहे, रबर आहे, जाळी आहे. पुरात वाहून आलेला बाभळीचा ओंडका गेटखाली बसतो. जाळीत पऱ्हाट्या, प्लॅस्टिक, मेलेलं ढोर अडकते. रबराचं सील फाटते. धरण रिकामं करून दुरुस्ती करता येत नाही, कारण शहराला प्यायला लागते. मग माणूस उतरवतात.

दुसरं काम तुम्हाला जास्त माहीत आहे, बुडालेला माणूस काढायचं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवाराआधी गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरायला हजारो कावडधारी उतरतात. गणपती-दुर्गा विसर्जन असते, शेततळी आहेत, गिट्टी खदानीची डबकी आहेत. कोणी बुडालं की ठाण्यातून आणि तहसीलमधून फोन जातात. आपल्या जिल्ह्यात बहुतेक वेळा पिंजरच्या संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथकाला. ही पोरं काय काम करतात ते ज्यांच्या घरचं माणूस त्यांनी काढून दिलं त्यांनाच विचारा. त्यांच्याबद्दल मला फक्त आदर आहे, पुढे जे लिहितो ते त्यांच्या बाजूनं लिहितो.

एक काम पैशाचं, एक सेवेचं. दोन्हीत एक गोष्ट सारखी आहे. 'उतर' म्हणणारा काठावर असतो आणि त्याची सही कुठेच नसते.

आता थोडं पाण्याबद्दल, कारण बऱ्याच शिकलेल्या लोकांना वाटते की पोहता आलं म्हणजे झालं. पोहण्याचा आणि या कामाचा संबंध फार कमी आहे.

दहा मीटर खोल पाण्याचा दाब म्हणजे चौरस मीटरला दहा टन. साधा हिशेब आहे. दोन्हीकडे पाणी असेल तर हा दाब दोन्हीकडून सारखा पडतो, जाणवत नाही. पण गेटच्या एका बाजूला नऊ मीटर पाणी आणि दुसऱ्या बाजूला रिकामा बोगदा असेल, आणि गेटखाली फूटभर लांब, अर्धा फूट उंच फट असेल, तर त्या फटीवर जो जोर येतो तो चारशे किलोचा. चार क्विंटल! बाजार समितीत चार क्विंटल सोयाबीन उतरवायला किती हमाल लागतात सांगा. तो जोर त्या पोराच्या पायावर येतो आणि तो ओढ लागेपर्यंत दिसत नाही. वरून पाणी शांत असते. भोवरा नाही, आवाज नाही. फटीपासून चार हात लांब काही जाणवत नाही, एक हात जवळ गेला की सुटका नाही. जगभरचे पाणबुडे या ओढीला सगळ्यात जास्त भितात, शार्क-बिर्कला नाही.

वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदादला २५ फेब्रुवारी २०२२ ला असंच झालं. समुद्राखालच्या तीस इंची तेलाच्या पाइपवर पाच पाणबुडे काम करत होते. शिकलेले, पूर्ण सामान असलेले. पाइपमधला दाब कमी होता, पाचही जण आत ओढले गेले. एक कसाबसा बाहेर आला. बाकीचे आत आहेत हे तो सांगत होता, पण त्यांना काढायला आत जायची परवानगी दिली नाही. चौघे गेले. पुढं चौकशी आयोग बसला आणि त्यानं त्या सरकारी तेल कंपनीवरच मनुष्यवधाचा खटला भरा अशी शिफारस केली. आपल्याकडं असा आयोग बसण्यासाठी आधी मेलेला माणूस 'कामावर होता' हे तरी कोणी मान्य केलं पाहिजे.

आता माझं.

२००९ चा मे. मी पाटबंधाऱ्याच्या यांत्रिकी बाजूला होतो, गेटचं ग्रीसिंग, स्पिंडल, हातचाक, हेच माझं आयुष्य. प्रकल्पाचं नाव लिहीत नाही, ठेकेदाराचं नाही, साहेबाचं नाही. त्या पोराचंही नाही, त्यानंच सांगितलं, "काका, माह्यं नाव नका टाकू, पोरीचं लग्न जमवाचं आहे."

धरणातून पाणी सोडायला जी विहीर असते तिच्यात दोन गेटं असतात. खालचं रोजच्या कामाचं आणि वरच्या बाजूचं अडीअडचणीचं. खालच्याचं रबर गेलं होतं. ते बदलायचं तर वरचं पूर्ण बसलं पाहिजे. ते बसत नव्हतं, खाली ओंडका होता. ठेकेदारानं एक पोरगा आणला. चोवीस-पंचवीस वर्षांचा, छातीनं रुंद, हसतमुख. अंगात चड्डी. तोंडात पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची नळी. कमरेला नायलॉनचा दोर. दोराचं दुसरं टोक माझ्या हातात.

दोन बुड्या मारून त्यानं ओंडक्याला साखळी बांधली. आम्ही वरून ओढला, निघाला. टाळ्या वाजवल्या आम्ही. मग साहेब म्हणाले, अजून एकदा जाऊन पाय फिरवून पाह्य, काही राहिलं तर नाही. तो गेला.

ओंडका निघाल्यानं फट मोकळी झाली होती. आणि खालचं गेट उघडं होतं. सकाळी आतलं पाणी निथळावं म्हणून मीच चार बोटं उचललं होतं. ते बंद कर असं मला कोणी म्हटलं नाही आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. तीस वर्षांची नोकरी, गेटाची चावी माझ्या खिशात, आणि माझ्या डोक्यात आलं नाही.

दोर एकदम ताणला. मग हलेना. सात जणांनी ओढला. हे ओढणंही चुकीचंच होतं, पण काठावर कोणाला काय माहीत. ठेकेदार ओरडत होता वरचं गेट उचला. ते उचललं असतं तर फट मोठी होऊन तो पूर्ण आत गेला असता. तेवढं मला सुचलं. मी बांधावरून खाली पळालो आणि हातचाक फिरवून खालचं गेट दाबलं. बोगदा भरला, दोन्हीकडचा दाब सारखा झाला, आणि त्याचा पाय सुटला. किती वेळ गेला असेल? मला तो आजही सांगता येत नाही. नळी तोंडात राहिली म्हणून तो जगला. पाय मांडीपासून काढावा लागला.

त्यानंतरचं सांगायला मला जास्त जड जाते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून पोलिसांकडं कळवलं गेलं, जबाब आले. कार्यालयात एक कागद तयार होता. त्यात लिहिलं होतं, 'सदर इसम हा आंघोळीकरिता पाण्यात उतरला असता त्याचा पाय घसरून...' हजेरीपटावर त्याचं नाव नव्हतंच, निविदेत पाणबुड्याचं काम नव्हतंच, म्हणजे तो तिथं आंघोळीलाच आला असणार ना! साक्षीदार म्हणून खाली तीन सह्या. त्यातली एक माझी. पोरगी दहावीला होती, पेन्शनला बारा वर्षं होती, सगळे करत होते, मीही केली. त्या पोराला ठेकेदारानं किती दिले ते मला माहीत आहे. तो आकडा लिहायची लाज वाटते.

आता तुम्ही म्हणाल, काका, ही तुमच्या सहीची गोष्ट झाली, नियमांचा काय संबंध? संबंध हाच आहे की खोटं लिहिणं सोपं होतं. खरं लिहायला रकानाच नव्हता. या कामाला माणूस उतरवताना कोणता कागद लागतो, कोणाची सही लागते, किती माणसं लागतात, कोणतं गेट बंद करून कुलूप लावायचं, हे बंधनकारक म्हणून कुठेच नव्हतं. आजही काय आहे ते सांगतो.

आपल्याकडं १९८२ चं एक भारतीय मानक आहे, आयएस १०२९१. बांधकामावरच्या 'ड्रेस डायव्हर'साठीची सुरक्षा संहिता. ड्रेस डायव्हर म्हणजे पितळी टोप, रबरी पोशाख, वजनाचे बूट घातलेला जुन्या पिक्चरमधला पाणबुड्या. वऱ्हाडात असा माणूस मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. आमच्याकडं ड्रेस म्हणजे चड्डी. आणि मानक हे आपोआप कायदा होत नाही, निविदेत टाकलं तर लागू. टाकते कोण?

समुद्रातल्या तेलाच्या कामाला २००८ चे वेगळे सुरक्षा नियम आहेत. तिथं पैसा आहे, परदेशी कंपन्या आहेत, त्यांचे विमावाले विचारतात. गोड्या पाण्याला कोणी विचारत नाही. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात धरण, कालवा, जलाशय यांची कामं धरली होती, पण दहा किंवा जास्त कामगार असले तर. आणि मंडळात नोंदणीला वर्षात नव्वद दिवस काम दाखवावं लागते. पाणबुड्याला वर्षात नव्वद दिवस काम? मिळत असतं तर तो पाच हजारात कशाला गेला असता. (आमच्या गल्लीत त्या मंडळाची पेटी आणि भांड्यांचा संच कोणाकोणाकडं आहे ते मी चांगलं ओळखतो. ज्यानं जन्मात घमेलं उचललं नाही त्याच्या घरी तीस भांडी आहेत. असो, तो वेगळा विषय.)

२०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा आला. चांगला कायदा आहे, मोठ्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक झाली. तपासणी वाढली म्हणजे पाण्याखालचं कामही वाढणार. पण त्यात सुरक्षित करायचं आहे ते धरण. गेटाखाली पाय घालणाऱ्यासाठी त्यात एक ओळ मला सापडली नाही.

सगळ्यात मजा म्हणजे सरकारला हा धंदा माहीत नाही असं नाही. कोकणच्या खाडीत बुडी मारून वाळू काढतात, तिला महसूल खात्याच्या कागदात रीतसर 'हातपाटी-डुबी पद्धत' असं नाव आहे. ब्रास किती, स्वामित्वधन किती, सगळं लिहिलेलं. डुबी मारणाऱ्याची वाळू सरकारच्या हिशेबात आली, तो स्वतः आला नाही.

आणि हे अशक्य काम आहे असं कोणी सांगू नका. अमेरिकेत कामगार सुरक्षेच्या नियमांत १९७७ पासून पाणबुड्यांचं वेगळं प्रकरण आहे. इंग्लंडमध्ये १९९७ चे नियम आहेत. पाण्याखालच्या प्रत्येक कामाला एक ठेकेदार नावानिशी जबाबदार, एक पर्यवेक्षक लेखी नेमलेला, कामाची आखणी लेखी, पाणबुड्याची वैद्यकीय तपासणी, आणि कोणी अडकलं तर लगेच उतरायला दुसरा पाणबुड्या काठावर तयार. जागेचा मालक जो असेल त्यानंही धोके आधी सांगायचे. यात रॉकेटचं शास्त्र नाही, एक रजिस्टर आणि चार माणसं आहेत.

आपल्याच देशात बघा. गटारात, सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवला तर २०१३ च्या कायद्यानं उतरवणाऱ्यावर गुन्हा होतो. सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. माणसं अजूनही मरतात, अंमलबजावणी रडकुंडीला आणणारी आहे, मान्य. पण निदान 'कोणी उतरवलं' हा प्रश्न पोलिसांना विचारावा लागतो. धरणाच्या बाबतीत तो विचारतच नाहीत. विचारतात, 'पोहता येत होतं का?'

आता बुडालेल्याला शोधण्याचं. इथं माझा राग ठेकेदारापेक्षा आपल्यावर, काठावरच्या गर्दीवर जास्त आहे.

पावसाळ्यातली पूर्णा आठवा. काळ्या मातीचं पाणी, डोळ्यासमोर धरलेली बोटं दिसत नाहीत. खाली झाडं, तारा, जुने दोर. शोधणारा डोळ्यानं नाही, हातानं शोधतो. आणि काठावर आपण, "अरे तिकडं पाह्य ना बे!" "इतका वेळ कायले लागून राह्यला?" घरची माणसं आकांत करत असतात, त्यांचं मी समजू शकतो. पण नेत्याचा फोन येतो, साहेबावर दबाव येतो, साहेब त्या पोरांवर ढकलतो, आणि अंधार पडत असताना, वरून पाणी सोडलेलं असताना माणूस उतरवला जातो. कशासाठी? गेलेला माणूस गेलेला आहे. त्याच्यासाठी सकाळपर्यंत थांबता येते.

२३ मे २०२४ आठवते? आपलं अकोला नाही, नगर जिल्ह्यातलं अकोले. प्रवरेत सुगावजवळ बुडालेल्या पोरांना शोधायला धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आली होती. बोट उलटली आणि दलाचेच तीन जवान गेले. शिकलेली, पगारी, गणवेशातली माणसं. त्यांच्या घरच्यांना सरकारी नोकरीतला शहीद म्हणून काही तरी मिळते, मिळायलाच पाहिजे. त्याच जागी आपल्या एखाद्या गावचा पोरगा असता तर?

त्याच वर्षी कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या अंकोल्याजवळ शिरूरला दरड कोसळली, ट्रक नदीत गेला. चालकाला शोधायला उडपीकडचा एक खाजगी पाणबुड्या स्वतःहून आला. त्या फुगलेल्या गंगावळीत त्याचा दोर तुटला, तो वाहून गेला, लोकांनी कसाबसा काढला. टीव्हीनं त्याला हिरो केलं. ट्रक शेवटी सप्टेंबरमध्ये ड्रेजर लावल्यावर निघाला. म्हणजे ते काम माणसाच्या छातीचं नव्हतंच, मशीनचं होतं. हिरो करणं आपल्याला स्वस्त पडते म्हणून आपण हिरो करतो.

आपल्याकडं वरुड तालुक्यात झुंजला १४ सप्टेंबर २०२१ ला वर्धा नदीत नाव उलटून अकरा जीव गेले. तेव्हाही मोठी पथकं आली. पण राज्य दलाच्या तुकड्या नागपूर आणि धुळ्याला, राष्ट्रीय दलाचा तळ पुण्याजवळ. कितीही लवकर निघाले तरी पोचायला घंटे लागतात. तोवर पाण्यात कोण असते? आजूबाजूच्या गावचे पोहणारे आणि आपली सेवाभावी पोरं. पहिले जाणारे तेच असतात, आणि त्यांच्यासाठी नियम, विमा, मानधन, सगळं नंतर. जमलं तर.

काही लोक म्हणतात, सेवा करणाऱ्यांना कशाला नियमात अडकवता. त्यांना दक्षिण कोरियाचं सांगतो. १६ एप्रिल २०१४ ला सेवोल नावाची बोट बुडाली, तीनशेवर माणसं गेली, बहुतेक शाळेची पोरं. मृतदेह काढायला खाजगी पाणबुडे धावून आले. ६ मे ला त्यातला एक पाण्यातच मेला. सरकारनं खटला कोणावर भरला असेल? पाणबुड्यांमधल्याच एका ज्येष्ठ माणसावर, त्याच्या निष्काळजीपणामुळं साथीदार मेला म्हणून! तो थेट सुप्रीम कोर्टातून निर्दोष सुटला, पण तेवढी वर्षं आरोपी राहिला. आपल्याकडं एखाद्या पथकातला पोरगा गेला तर ठाणेदार कोणाचं नाव लिहील? फोन करणाऱ्याचं, की दोर धरणाऱ्या मित्राचं? मी दोर धरलेला माणूस आहे, मला याचं उत्तर माहीत आहे.

दुसरा एक मुद्दा नेहमी येतो, 'भोई समाजाच्या लोकांना पिढ्यानपिढ्यांची सवय आहे, त्यांना काही होत नाही.' या वाक्याचा मला फार संताप येतो. नदीचं ज्ञान त्यांच्याकडं आहे, आपल्या इंजिनिअरपेक्षा जास्त आहे, पण ते नदीचं आहे. गेटाच्या फटीला जात-पात, पिढी काही समजत नाही. आणि ज्ञान आहे म्हणता तर त्या ज्ञानाची मजुरी हमालाएवढी का? साहेबाच्या पोराला सवय लावा म्हणावं.

तिसरा मुद्दा, काम अडेल. अडू द्या एखाद दिवस. अकोल्याच्या माणसाला नळाचं पाणी एक दिवस उशिरा येणं नवीन आहे काय? आणि प्रत्येक वेळी माणूसच लागतो असंही नाही. पाण्याखाली सोडायचा कॅमेरा आता मिळतो, आधी तो टाकून पाहा. ओंडका आहे का गाळ आहे ते तरी कळेल.

माझी मागणी दोन पातळ्यांवर आहे. वरची अशी. कामगार सुरक्षेची नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तीही साधारण दहा कामगारांच्या वरच. पण त्यात एक सोय आहे, काम जिवाला धोकादायक म्हणून सरकारनं जाहीर केलं तर एक कामगार असला तरी संहिता लागू करता येते. तर पाण्याखालचं काम, समुद्र असो की धरण, तसं जाहीर करा आणि त्याचे वेगळे नियम काढा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांनी हा एक प्रश्न संसदेत विचारावा. रेल्वे थांब्याच्या निवेदनातून वेळ मिळाला तर.

खालची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडं, आणि तिला दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात. त्यांनी एवढा आदेश काढावा की सरकारी जलाशयात, बंधाऱ्यात, जॅकवेलमध्ये कोणाही माणसाला कामासाठी वा शोधासाठी उतरवण्याआधी एक पानाची नोंद होईल. उतरवणारा अधिकारी कोण, त्याची सही. उतरणारा कोण, त्याचा विमा. दुसरा माणूस कोण तयार आहे. वरून विसर्ग बंद केला का. आणि गेट-पंप बंद करून कुलूप लावलं का, व त्या कुलपाची चावी उतरणाऱ्याच्या माणसाच्या खिशात आहे का. चावी पाणबुड्याच्या माणसाकडं, गेटवाल्याकडं नाही. हे मी गेटवाला म्हणून सांगतो. निविदेत पाणबुड्याचं काम वेगळं लिहा, त्याचा दर वेगळा लावा. शोधकामाला जाणाऱ्या पोरांना प्रत्येक फेरीचं मानधन द्या आणि मृतदेहासाठी रात्री कोणाला उतरवू नका. बस.

ही पोस्ट टाकायच्या आधी मी त्याला वाचून दाखवली. तो आता आठवडी बाजारात जाळी विणून विकतो, कुबड्या बाजूला ठेवून. पूर्ण ऐकलं. म्हणाला, "काका, ते आंघोळीचं लिहिलं ते बरं केलं. माह्या बायकोलेही लोकं तेच इचारत होते, आंघोळीले इतक्या दूर कायले गेला होता म्हणून."

येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन आहे. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, मी उद्याच देतो आहे. त्यात वरच्या मागण्या आहेत आणि शेवटी माझ्या त्या सहीबद्दलही लिहिलं आहे, कोणता कागद होता, त्यात काय खोटं होतं. एक मित्र म्हणाला, पेन्शन सुरू आहे, कायले उकरून काढता. पाहू. कुठल्याही धरणावर, विहिरीत, जॅकवेलमध्ये पैशासाठी उतरलेले कोणी ही पोस्ट वाचत असतील तर मला मेसेज करा, नाव जाहीर करणार नाही, फक्त अर्जाला जोडायचं आहे की मी एकटा सांगत नाही. आणि त्या दिवशी ज्यांना सोबत यायचं त्यांनी सकाळी साडेअकराला कार्यालयाच्या गेटजवळ भेटा. ठेकेदार भाऊ, तुम्हीही या, तुमचा नंबर ब्लॉक केलेला नाही.